डॅशकॅम लावला की पोलीस पकडतात? अजिबात नाही

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय, की गाडीत डॅशकॅम (म्हणजे समोरचा रस्ता रेकॉर्ड करणारा छोटा कॅमेरा) लावणं बेकायदेशीर आहे, सायनच्या सिग्नलला पोलीस दंड करतायत वगैरे. अहो, भारतात डॅशकॅमवर बंदी घालणारा कायदाच नाहीये! फक्त तो काचेवर असा लावा की ड्रायव्हरला समोरचा रस्ता नीट दिसला पाहिजे, आरशामागची जागा बरी.

मग ही अफवा आली कुठून? मला वाटतं युरोपातल्या बातम्यांवरून, कारण तिकडे प्रायव्हसीचे नियम खरंच कडक आहेत. ऑस्ट्रियात सतत रेकॉर्डिंग करणारा कॅमेरा लावला तर दंड होऊ शकतो. जर्मनीचं प्रकरण तर अजून वेगळं, तिथल्या सर्वोच्च दिवाणी कोर्टाने 2018 मध्ये सांगितलं की कायम रेकॉर्डिंग करणं डेटा कायद्याच्या विरुद्ध आहे पण तरीही अपघाताच्या केसमध्ये ते फुटेज पुरावा म्हणून चालू शकतं. म्हणजे लावणं आणि कोर्टात वापरणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि लोक नेमकी इथेच गल्लत करतात. ब्रिटनमध्ये बंदी नाही, रशियात आणि दक्षिण कोरियात तर सर्रास वापरतात.

आपल्याकडे 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, म्हणजे पुराव्यांचा नवा कायदा, लागू झालाय, त्याच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत, तो कुठल्या उपकरणातून आला वगैरे सांगणारं सर्टिफिकेट द्यावं लागतं. म्हणून ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर कोणी ठोकलं तर मेमरी कार्ड लगेच काढून ठेवा, नाहीतर लूपमध्ये, म्हणजे कार्ड भरल्यावर जुन्यावरच नवं रेकॉर्ड होताना, जुनं फुटेज पुसलं जातं, आणि व्हॉट्सअपवर फॉरवर्ड केलेल्या क्लिपच्या भरवशावर राहू नका, मूळ फाईलच जपा.