सोळा गेजचा पत्रा नेमका किती जाड?

भोसरी एमआयडीसीत कुणालाही विचारा, सोळा गेज म्हणजे १.६ मिलिमीटर हे उत्तर तोंडपाठ असतं. गेज म्हणजे पत्र्याच्या जाडीचा क्रमांक, आणि आपल्याकडे त्याची ब्रिटिश मोजणी रुजली. तिच्यात सोळा गेज १.६२६ मिमी भरतो, त्यामुळे उत्तर चुकीचंही नाही. पण अमेरिकी तक्ते उघडले की त्याच सोळा गेजला साधा पोलादी पत्रा १.५१९ मिमी, स्टेनलेस १.५८८ मिमी आणि अ‍ॅल्युमिनियम १.२९ मिमी निघतो. कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या एखाद्या कारखान्याने पत्र्याचं डिझाइन आणि कटिंग आखणाऱ्या सॉफ्टवेअरसोबत आलेला मटेरियलचा असा नमुना तक्ता तसाच वापरला, तर पडद्यावरचा पत्रा आणि रॅकवरचा पत्रा पहिल्याच दिवसापासून वेगळे. म्हणून माझं ठाम मत आहे की मटेरियलच्या तक्त्यात गेज लिहूच नये. मिलिमीटर लिहावेत, तेही मायक्रोमीटरने मोजून.

एवढ्याशा फरकाने काय बिघडतं, हे कळायला पत्रा वाकताना आत काय होतं ते पाहावं लागेल. खोडरबर बोटांत धरून वाकवा. बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते, आणि मधे कुठेतरी एक थर असा असतो की ज्याची लांबी बदलतच नाही. पत्र्यातही तसंच होतं. या थराला न्यूट्रल अ‍ॅक्सिस म्हणतात. तो बरोबर मध्यावर राहिला असता तर गणित सोपं होतं, पण बेंड करताना तो आतल्या बाजूला सरकतो. आतल्या पृष्ठभागापासून त्याचं अंतर भागिले पत्र्याची जाडी, हा झाला के-फॅक्टर. तो साधारण ०.३ ते ०.५ असतो. वाकवण्याआधी सपाट पत्रा किती लांबीचा कापायचा, हे सॉफ्टवेअर याच आकड्यावरून ठरवतं.

२ मिमीचा एमएस (माइल्ड स्टील, साधं पोलाद) पत्रा १६ मिमी रुंदीच्या व्ही-डायवर, म्हणजे व्ही आकाराच्या खाचेच्या साच्यावर, ९० अंशांत वाकवला असं समजा. पंच, म्हणजे वरून दाबणारं हत्यार, पत्र्याला डायच्या तळाशी न दाबता वरच्यावर वाकवत असेल, तर आतली त्रिज्या पंचाच्या टोकावरून नव्हे, डायच्या रुंदीवरून ठरते. एमएसला ती रुंदीच्या साधारण १६ टक्के, म्हणजे इथे २.५६ मिमी. के-फॅक्टर ०.४२ धरला तर बेंडमधल्या त्या थराची लांबी ५.३४ मिमी येते, ०.५ धरला तर ५.५९ मिमी. फरक पाव मिलिमीटरचा. पण खोक्याच्या एका दिशेत चार बेंड असले की तो एक मिलिमीटर होतो, आणि मग दाराची भोकं चौकटीच्या भोकांवर बसत नाहीत. त्याच डायवर स्टेनलेस घातला तर त्रिज्या २० टक्क्यांच्या आसपास, सुमारे ३.२ मिमी. म्हणजे जाडी तीच असली तरी धातू बदलला की तक्त्यात वेगळी ओळ हवीच.

मग के-फॅक्टर आणायचा कुठून? पुस्तकातला आकडा सुरुवातीपुरता ठीक आहे, खरा आकडा आपल्याच प्रेस ब्रेकवर, म्हणजे पत्रा वाकवण्याच्या मशीनवर, मिळतो. बरोबर १०० मिमी लांबीची पट्टी कापा आणि कडेची बर (कापताना उरलेली धारदार कड) कानसीने काढा. स्टेनलेसवर प्लॅस्टिकची फिल्म असेल तर ती सोलूनच जाडी मोजा, नाहीतर फिल्मची जाडीही धातूच्या नावावर जमा होते. मग मध्यावर ९० अंशांचा बेंड मारा आणि स्प्रिंगबॅक सुटल्यावर, म्हणजे दाब काढल्यावर पत्रा थोडा मागे उघडल्यावर, कोन खरंच ९० आहे ना ते तपासा. दोन्ही बाजू बाहेरून व्हर्नियरने मोजा. दोन्ही ५१.९ भरल्या तर बेरीज १०३.८. त्यातून मूळचे १०० वजा केले की ३.८ मिमी उरतात. हेच बेंड डिडक्शन. बहुतेक सॉफ्टवेअर के-फॅक्टरऐवजी हा आकडाही थेट घेतात, आणि मला तोच जास्त भरवशाचा वाटतो, कारण तो मोजलेला असतो.

बाकीच्या रकान्यांत घनता सोपी, तरी तिच्याकडे दुर्लक्ष नको. २५०० बाय १२५० चा २ मिमी पत्रा पोलादाचा असेल तर सुमारे ४९ किलो आणि अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर १७ किलो. जुनी ओळ कॉपी करून फक्त नाव बदललं की कोटेशनच चुकतं. लेझरवर मटेरियलच्या नावावरूनच कटिंगचा गॅस आणि वेग ठरतो. ऑक्सिजनने एमएस छान कापला जातो, पण स्टेनलेसची कड काळवंडते. तिला नायट्रोजन लागतो.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र नावांच्या गोंधळातून होतं. एकाने ‘एमएस १.६’ लिहिलं, दुसऱ्याने ‘सीआरसीए १६ गेज’ (सीआरसीए हा थंड रोल केलेला एमएस पत्राच), तर नेस्टिंगला, म्हणजे शीटवर जॉब मांडणाऱ्या सॉफ्टवेअरला, ही दोन वेगळी मटेरियल वाटतात. एका शीटवर मावणारे जॉब मग दोन शीटवर जातात आणि स्क्रॅप वाढतो. नावं एकाच माणसाने ठरवावीत आणि इतरांना तक्ता फक्त वाचता यावा.

नेस्टिंगमध्ये ग्रेनची दिशाही भरावी लागते. पत्रा रोल होताना त्याचे कण एका दिशेने लांबतात, आणि बेंडची रेघ त्या दिशेला समांतर आली की बाहेरच्या कडेला चीर पडायची शक्यता वाढते. कडक अ‍ॅल्युमिनियममध्ये ती जास्त. अशा जॉबला ९० अंश फिरवायची मुभा बंद ठेवावी, थोडा पत्रा वाया गेला तरी चालेल.

डाय बदलली किंवा पत्रा दुसऱ्या पुरवठादाराकडून आला, की १०० मिमीची पट्टी पुन्हा कापायची, आणि नव्या आकड्याशेजारी डायची रुंदी व तारीख लिहायची.