मोटरहोमचे रिकॉल: चासी एकाची, बॉडी दुसऱ्याची

पुढच्या सस्पेन्शनमधल्या (चाके आणि गाडी यांना जोडणाऱ्या स्प्रिंग-सांध्यांच्या रचनेतल्या) दोषासाठी मोटरहोम, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाड्या, परत मागवल्याची बातमी आली की सातारा-सांगलीकडच्या मालकांमध्ये दोन समजुती लगेच पसरतात. कंपनी गाडी घेऊन जाईल आणि पैसे परत देईल, ही पहिली. आपण मोकळी व्हॅन घेऊन आतले काम बाहेरच्या शेडमध्ये करून घेतले, म्हणजे ही नोटीस आपल्यासाठी नाही, ही दुसरी. पहिली समजूत ‘परत मागवणे’ या शब्दाने तयार केली आहे. दुसरी जास्त घातक आहे आणि तिचे मूळ कायद्यातल्या ‘उत्पादक’ या एका शब्दात आहे.

अमेरिकेत सुरक्षा-दोषासाठी गाड्या परत मागवण्याचा कायदा 1966 चा आहे. आपल्याकडे 1988 च्या मोटार वाहन कायद्यात तशी तरतूदच नव्हती. जुलै 2012 मध्ये वाहन कंपन्यांच्या संघटनेने स्वेच्छेची आचारसंहिता आणली आणि पुढची काही वर्षे सगळा कारभार तिच्यावरच चालला. दोष आहे की नाही हे कंपनीने ठरवायचे आणि बोलावणेही कंपनीनेच पाठवायचे. बरीच कामे ‘सर्व्हिस कॅम्पेन’ या नावाखाली उरकली जात. गाडी नेहमीच्या सर्व्हिसिंगला आली की बोल्ट बदलायचा आणि जॉबकार्डवर एक ओळ लिहायची. अधिकृत वर्कशॉपकडे न फिरकणाऱ्या मालकाला याचा पत्ताच लागत नसे.

2019 च्या दुरुस्तीने कायद्यात कलम 110अ आले. ते आणि त्याचे नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू आहेत. प्रवासी, चालक, रस्त्यावरचे इतर लोक किंवा पर्यावरण यांना अपाय होईल असा दोष असेल, तर केंद्र सरकार गाड्या परत मागवण्याचा आदेश देऊ शकते. उत्पादकाने पूर्ण किंमत परत करावी, तशीच किंवा अधिक चांगली गाडी द्यावी किंवा दुरुस्ती करावी, असे तीन मार्ग कलमात आहेत. प्रत्यक्षात जवळजवळ नेहमी दुरुस्तीच होते. सक्तीच्या रिकॉलला 10 लाखांपासून 1 कोटीपर्यंत दंड आहे, पण कंपनीने दोष स्वतःहून कळवून काम सुरू केले तर दंड माफ. ही सवलत योग्य आहे. तिच्यामुळेच बातम्यांमध्ये दिसणारी रिकॉल बहुतेक ‘स्वेच्छेची’ असतात.

खरा वाद आहे तो मर्यादांचा. नियम 7 वर्षांच्या आतल्या गाड्यांना लागू होतो आणि सक्तीसाठी लागणाऱ्या तक्रारींची संख्या त्या प्रकारच्या वार्षिक विक्रीशी बांधलेली आहे. आता हे मोटरहोमला लावून पाहा. एकाच चासीवर, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्यावर, शाळेची बस, रुग्णवाहिका, मालवाहू व्हॅन आणि मूठभर कारवां (मोटरहोम) असे सगळे उभे असते. कारवांवाल्या सगळ्यांनी तक्रार केली तरी हजारोंच्या विक्रीत तो आकडा बुडून जातो. शिवाय आपल्याकडे पाच-सहा वर्षे वापरलेली व्हॅन घेऊन तिचे घर करण्याची पद्धत आहे. आतला प्लायवूड नवा कोरा असतो, पण 7 वर्षांचे घड्याळ चासीच्या जन्मापासून चाललेले असते. मालकाच्या हातात एक-दोन वर्षेच उरतात.

आता ‘उत्पादक’ कोण? चासी नंबर एका कंपनीचा असतो. पलंग, ओटा, पाण्याची टाकी, बॅटऱ्या, छतावरचा एसी हे सगळे दुसऱ्याने बसवलेले असते. पुढचा लोअर आर्म (चाकाला चासीशी जोडणारा खालचा दांडा) तडकला की चासीवाला म्हणतो, तुम्ही वजन वाढवले. बॉडीवाला म्हणतो, आर्मला आम्ही हातही लावला नाही. अमेरिकेच्या नियमांनी ही गाठ सोडवली आहे. तिथे अपूर्ण वाहनाचा उत्पादक, मधल्या टप्प्याचा आणि अंतिम टप्प्याचा उत्पादक अशी वेगवेगळी नावे आहेत, आणि प्रत्येक अपूर्ण चासीबरोबर कोणत्या अ‍ॅक्सलवर किती भार चालेल याचे कागद पुढच्या टप्प्याकडे द्यावे लागतात. रिकॉलची जबाबदारी त्यांच्यापैकी एकाने पार पाडली की ती सगळ्यांनी पार पाडली असे धरतात, त्यामुळे मालकाला दोन दारे झिजवावी लागत नाहीत. आपल्याकडे मोटार कारवांसाठी एआयएस-124 हे मानक आहे, आणि त्याप्रमाणे मंजुरी घेऊन बांधलेल्या गाडीचे कागद भक्कम असतात. शेडमध्ये मनाजोगत्या बांधलेल्या गाडीच्या बाबतीत मात्र कंपनी मोटार वाहन कायद्यातले, गाडीतल्या बदलांविषयीचे कलम 52 पुढे करते. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत बदल नोंदणीत चालणार नाहीत, असे स्पष्ट केल्यापासून तर हा मुद्दा जास्तच पुढे येतो. पण बोल्ट कारखान्यातच कमी टॉर्कने, म्हणजे कमी जोराने, आवळला गेला असेल, तर आत पलंग आहे की बाकडे, याने त्या दोषात काय फरक पडतो? चासी नंबर यादीत असेल तर कारवांचे कामही झालेच पाहिजे.

वजनाचा मुद्दा मात्र खोटा नाही. राज्याचे कारवां पर्यटन धोरण 2021 मध्ये आले आणि कास, बामणोली, तापोळ्याकडे अशा गाड्या दिसू लागल्या. इथे येणारी प्रत्येक गाडी घाट उतरते, मग तो पसरणी असो, केळघर असो की आंबेनळी. उदाहरणादाखल 4,000 किलोची गाडी धरू. चाकतळ 3.5 मीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून 1.1 मीटर उंच. 20 ला 1 उतारावर 0.3 जी (गुरुत्वाकर्षणाच्या 0.3 पट) इतका ब्रेक मारला की साधारण 440 किलो भार मागच्या चाकांवरून पुढे सरकतो. कंपनीने हे गृहीत धरूनच पुढचा भाग बनवलेला असतो. पण ड्रायव्हरच्या सीटखाली 150 अ‍ॅम्पिअर-तासाच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या, म्हणजे 110 किलोच्या आसपास, आणि वर केबिनवरचा पलंग आला की राखीव ताकद आधीच खर्च होते. उलट, 100 लिटरची भरलेली टाकी मागच्या अ‍ॅक्सलच्या 1 मीटर मागे बसवली तर पुढचा भार 29 किलोने कमी होतो. म्हणून एकूण वजन सांगून भागत नाही, पुढच्या अ‍ॅक्सलचे वेगळे लागते. साखर कारखान्याच्या किंवा खाजगी वजनकाट्यावर टाक्या भरून, माणसे बसवून आधी फक्त पुढची चाके चढवा, मग पूर्ण गाडी, आणि दोन्ही पावत्या ठेवा. ‘तुम्ही वजन वाढवले’ या वाक्याला एवढे एकच उत्तर आहे.

दोष कुठे दिसतो हे रचनेवर ठरते. पुढे सरळ अ‍ॅक्सल आणि पाटे (एकावर एक पानांच्या स्प्रिंगा) असतील तर सेंटर बोल्टजवळ आणि पाट्याच्या टोकाच्या डोळ्याच्या वळणावर पान तडकते. पाटा आवळून धरणारा यू-बोल्ट सैल झाला असेल तर पानांच्या फटीतून तपकिरी गंजाची भुकटी बाहेर येते. पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्या जोडावर पातळ चकाकती रेघ दिसली तर तिथे धातूवर धातू सरकतो आहे. स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर लोअर आर्मचे वेल्डिंग, बॉल जॉइंट (आर्म आणि चाक यांच्यामधला फिरता सांधा) आणि स्प्रिंगचे सगळ्यात खालचे वेटोळे बघावे. महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. हंगाम संपल्यावर आठ-आठ महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या स्प्रिंगच्या वाटीत चिखल धरून राहतो, रंग उडतो आणि वेटोळे तिथेच तुटते. 2019 आणि 2021 च्या पुरात सांगलीत बुडालेल्या गाड्यांचा प्रश्न वेगळा आहे. बॉल जॉइंटच्या रबरात पाणी शिरून आलेला खुळखुळा रिकॉलमध्ये बसत नाही, आणि तसा दावा केला तर खरा दोषही संशयाच्या फेऱ्यात सापडतो.

खुळखुळा तपासताना जॅक कुठे लावता यावर सगळे आहे. स्प्रिंग लोअर आर्मवर टेकलेली असेल तर जॅक आर्मखाली, बॉल जॉइंटच्या शक्य तितका जवळ. चासीखाली लावला तर स्प्रिंगच्या दाबाने जॉइंट घट्ट राहतो आणि झीज लपते. पाट्याच्या गाडीत जॅक अ‍ॅक्सलखाली. मग चाक वर-खाली, घड्याळातल्या 12 आणि 6 वर धरून हलवायचे. तिथे खेळ आला तर बॉल जॉइंट, किंगपिन (चाक ज्यावर वळते ती खीळ) किंवा बेअरिंग. 9 आणि 3 वर आला तर आधी टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याचे टोक.

नोटीसप्रमाणे काम होताना सर्वाधिक खोळंबा फर्निचरने होतो. सस्पेन्शनचा वरचा माउंट कपाटाने झाकलेला असतो, पायरी नेमक्या आर्मच्या आड वेल्ड केलेली असते, आणि तीन मीटरच्या आसपास उंचीची गाडी कारच्या लिफ्टवर घेताच येत नाही. त्यामुळे खड्डा असलेले व्यावसायिक वाहनांचे वर्कशॉप मागावे आणि फोनवरच उंची व भरलेले वजन सांगावे. काढलेले बोल्ट आणि नट पुन्हा वापरू देऊ नयेत. बुशचे (रबरी सांध्यांचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळायचे, नाहीतर रबर पिळलेल्या स्थितीत अडकते आणि लवकर फाटते. त्यानंतर चाकांचे अलाइनमेंट. जॉबकार्डवर रिकॉलचा क्रमांक आणि चासी नंबर दोन्ही लिहून घ्यावेत, कारण नोटीस आरसीवरच्या पत्त्यावर जाते आणि जुनी व्हॅन घेतलेल्याच्या बाबतीत तो पत्ता पुष्कळदा पहिल्याच मालकाचा असतो.