करडईचा घाणा ते सोयाबीनचं पाकीट: मराठवाड्यातल्या गोडेतेलाची पार्श्वभूमी

बियांची तेलं म्हणजे विष, असं सांगणारे व्हिडिओ आता मराठवाड्यातल्या घराघरांत पोचले आहेत. ही चर्चा मुळात अमेरिकेतली. तिथल्या लोकांनी लोणी आणि जनावरांची चरबी मागे टाकून वनस्पती तेलं धरली, त्यामुळे त्यांना बियांचं तेल हे नवं संकट वाटतं. आपल्याकडे तसं घडलेलं नाही. इथलं जुनं तेलही बियांचंच होतं: करडई, जवस, तीळ, कारळं, भुईमूग. म्हणून मराठवाड्यापुरतं विचारायचं ते असं: तेल किती खातो, ते कसं काढलेलं आहे आणि कुठल्या शेतातून आलं आहे?

करडई हे या भागाचं खास पीक. रब्बी ज्वारीत तिच्या ओळी असत आणि शेताच्या कडेने काटेरी करडई पेरली की जनावरं आत शिरत नसत. मूळ खोल जातं, त्यामुळे परतीच्या पावसाच्या ओलीवर, एकही पाणी न देता, भारी काळ्या रानात ती १२० ते १४० दिवसांत येते. कोवळ्या रोपांची भाजी होते. काढणी मात्र त्रासाची. काटे दवाने नरम असतात तोवर, पहाटेच, हाताला फडकं गुंडाळून ती करावी लागे. बी तेल्याच्या बैलघाण्यावर जाई, तेल घरी येई आणि पेंड जनावरांना.

करडईच्या तेलात तीन चतुर्थांश लिनोलिक आम्ल असतं. हे एक स्निग्ध आम्ल, म्हणजे आज ज्याच्या नावाने ओरड आहे ते ओमेगा-६. सोयाबीन तेलात ते निम्म्याच्या आसपास असतं. थोडक्यात, ज्या घटकाला दोष दिला जातो तो आजोबांच्या भाकरीवर ओतलेल्या कच्च्या तेलात आजच्या पाकिटापेक्षा जास्त होता. पण ते तेल मोजकं असे. १९५०च्या सुमारास देशात माणशी वर्षाला साधारण ३ किलो तेल खाल्लं जाई. दिवसाला आठ-नऊ ग्रॅम, म्हणजे दोन लहान चमचे. शिवाय जेवणात जवसाची, कारळ्याची, तिळाची चटणी असे, म्हणजे तेल अख्ख्या बियांतून, चोथ्यासकट पोटात जाई. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक अल्फा-लिनोलेनिक, म्हणजे ओमेगा-३ असतं. करडई आणि जवसाची ही जोडी कुणी प्रयोगशाळेत जुळवली नव्हती, रानातल्या मिश्रपिकांनीच ती ताटात आणली होती.

पहिला बदल वनस्पती तुपाने केला. १९३७मध्ये डालडा बाजारात आला. तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करायचं ही त्याची पद्धत, आणि त्यातच ट्रान्स फॅट तयार होतं. हृदयाला सर्वांत घातक स्निग्ध पदार्थ कोणता, यावर आज वाद उरलेला नाही: तो हाच. तरी त्यावर मर्यादा यायला फार उशीर झाला. तेला-तुपात ट्रान्स फॅट जास्तीत जास्त २०११मध्ये १० टक्के, पुढे ५, २०२१मध्ये ३ आणि २०२२पासून २ टक्के. लग्नाच्या पंगतीत आणि बेकरीत कित्येक पिढ्यांनी जे खाल्लं, त्याची भरपाई या आकड्यांनी होत नाही.

दुसरा बदल पामतेलाचा. आधी ते सरकारी आयातीतून रेशनवर आलं. १९९४मध्ये पामोलीनची, म्हणजे पामतेलाच्या पातळ भागाची, आयात खाजगी व्यापाऱ्यांना खुली झाली आणि मग वाट रुंदावत गेली. २०२२च्या दिवाळीत राज्य सरकारने १०० रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ दिला, त्यातही एक लिटर पामतेलच होतं. ज्वारी-करडईच्या मुलखात सणाचं तेल इंडोनेशिया-मलेशियातून यावं, हे स्वस्ताईने समजतं, पण खटकतं.

तिसरा आणि सर्वांत खोल बदल सोयाबीनचा. १९८६मध्ये केंद्राने तेलबिया तंत्रज्ञान अभियान सुरू केलं, आणि १९९०नंतर मराठवाड्याचा खरीप पालटत गेला. लातूरची बाजारपेठ सोयाबीनच्या भावाची खूण बनली. तीन-साडेतीन महिन्यांत हाती येणारं, यंत्राने काढता येणारं आणि लगेच नगद होणारं पीक शेतकऱ्याने धरलं, यात त्याचं काही चुकलं नाही. मात्र सोयाबीन मुळात तेलाचं पीक नाही. त्यात तेल १८ ते २० टक्केच. उरलेला मोठा भाग तेल काढून घेतलेली पेंड, जिला बाजारात डीओसी म्हणतात. ती कोंबड्यांच्या खाद्यात आणि निर्यातीला जाते, आणि भाव ठरतो तो बराचसा तिच्यावर. हिशेब करून पाहा: हेक्टरी १० क्विंटल सोयाबीन आलं तर तेल १८०-२०० किलो, हेक्टरी ८ क्विंटल करडई आली तर ३० टक्क्यांनी २४० किलो.

तेल इतकं कमी असल्यामुळे सोयाबीन घाण्यावर परवडत नाही. बी भरडून, चपटं करून हेक्झेन या द्रावकात धुतात, मग वाफेने हेक्झेन उडवून परत वापरतात. शुद्ध तेलात त्याचा अंश दशलक्षात पाच भागांहून जास्त चालत नाही. पुढे चिकटा काढणं, कॉस्टिक सोड्याने आम्ल मारणं, खास मातीतून रंग उतरवणं आणि शेवटी निर्वातात २०० अंशांहून जास्त तापवून वास घालवणं. हेक्झेनची भीती फार दाखवली जाते, पण लक्ष द्यायचं ते या शेवटच्या पायरीकडे. २०० अंशांपुढे ग्लिसिडिल एस्टर हे आरोग्याला घातक मानले जाणारे घटक तयार होतात, आणि ते पामतेलात सर्वांत जास्त सापडले आहेत.

आता आरोग्याचा वाद. त्यातला सर्वांत गाजलेला प्रयोग करडईच्याच तेलाचा आहे. १९६६ ते १९७३ या काळात सिडनीत हृदयविकार होऊन गेलेल्या ४५८ पुरुषांपैकी एका गटाला नेहमीच्या चरबीऐवजी करडई तेल आणि त्याचं मार्गारिन, म्हणजे लोण्याऐवजी वापरायचा तेलाचा पदार्थ, दिलं. जुन्या नोंदी पुन्हा तपासून २०१३मध्ये निष्कर्ष आले: तेलाच्या गटात १७.६ टक्के दगावले, दुसऱ्या गटात ११.८ टक्के. व्हिडिओवाल्यांचा हा हुकमी एक्का. पण त्या गटाला रोजच्या ऊर्जेच्या सुमारे १५ टक्के बहुअसंतृप्त स्निग्धं, म्हणजे मुख्यतः लिनोलिक आम्ल, द्यायचं ठरलं होतं. २००० कॅलरीच्या आहारात ते सुमारे ३३ ग्रॅम, म्हणजे रोज जवळपास ४५ ग्रॅम करडई तेल होतं. जोडीला जवस नव्हता आणि माणसं आधीच आजारी होती. ऑस्लोतल्या प्रयोगात सोयाबीन तेल वापरलं, तिथे हृदयविकाराचे झटके कमी झाले. मोठ्या पाहण्यांत रक्तात लिनोलिक आम्ल जास्त असणाऱ्यांना हृदयविकार कमी दिसला. बियांचं तेल विष आहे, असं हा पुरावा सांगत नाही.

मग बिघडतं कुठे? आधी प्रमाणात. देशात माणशी वापर आता वर्षाला १९-२० किलोंवर आहे. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, सुचवलेलं प्रमाण १२ किलो. चार माणसांच्या घरात महिन्याला ४ किलो बसतं, म्हणजे १५ किलोचा डबा पावणेचार महिने पुरायला हवा. तो दोन महिन्यांत संपत असेल तर तेल कुठलं हा प्रश्न दुय्यम आहे.

दुसरं, तळणीत. लिनोलिक जितकं जास्त तितकं तेल उष्णतेत लवकर मोडतं. करडईचं तेल हवेत सुकून पातळ पापुद्रा धरतं, म्हणून ते रंगांत वापरलं जातं. कढईच्या काठावरचा चिकट पिवळा थर हाच प्रकार. भाकरीवर, चटणीवर, फोडणीला ते उत्तम, भजी तळायला नाही. तळायला भुईमुगाचं बरं. तेल १७० ते १८० अंशांवर ठेवावं, मीठ आणि चुरा त्यात पडू देऊ नये. फेस टिकू लागला, रंग काळवंडला, नेहमीपेक्षा आधीच धूर आला की ते बाद. जुन्या तेलात नवं घातल्याने जुनं सुधारत नाही, नवंच लवकर खराब होतं. हॉटेलांसाठी २०१८पासून नियम आहे: मोडतोडीने बनलेले ध्रुवीय घटक २५ टक्क्यांवर गेले की ते तेल स्वयंपाकाला चालत नाही. चौकातल्या गाड्यावर ते कोण मोजतं?

रानातलं नुकसान ताटापेक्षा हळू दिसतं. सोयाबीनमागे सोयाबीन घेतल्याने चक्रीभुंगा, खोडमाशी ही कीड आणि पिवळा मोझॅक हा रोग ठाण मांडतात; २०२२मध्ये लातूर, बीड, धाराशिव भागांत शंखी गोगलगायींनी कोवळी रोपं फस्त केली. दुसरीकडे सुमात्रा-बोर्निओत पामसाठी जंगलं आणि दलदलीची जमीन गेली, ब्राझीलमध्ये सोयाबीनसाठी. पाम हेक्टरी तीन-चार टन तेल देतो, म्हणून त्याला नुसतं हाकलून भागत नाही. तेवढं तेल दुसऱ्या पिकातून काढायचं तर कितीतरी जास्त जमीन लागेल.

करडई परत आणायला जागा आहे. सोयाबीन सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला निघालं की त्याच रानात, ओल असेतो, हेक्टरी १० ते १२ किलो बी ४५ सेंटिमीटर ओळींत पेरता येतं. ऑक्टोबरचा मध्य ओलांडला की मावा वाढतो आणि बोंडं भरत नाहीत. काट्यांची अडचण कंबाइन हार्वेस्टरने बरीच सोडवली आहे, परभणीच्या कृषी विद्यापीठाने बिनकाट्यांचे वाणही दिले आहेत. अडतं ते भावाशी. मे २०२५मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयातशुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणलं गेलं, आणि त्याच तेलाशी करडईला बाजारात टिकायचं आहे.