खलपात्राची उदयकथा

परीकथेतील दुष्ट पात्राला केंद्रस्थानी ठेवून ते सत्तेपर्यंत कसे पोहोचले हे सांगणारी, मुख्यतः कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेली अद्भुतरम्य कादंबरी म्हणजे खलपात्राची उदयकथा. मूळ कथा जेथे सुरू होते तेथे ती बहुधा संपते. शेवट वाचकाला आधीपासून ठाऊक असल्यामुळे पुढे काय होणार, ही उत्सुकता तिला फारशी उपयोगी पडत नाही. हे टळले असते का, या प्रश्नावरच तिला सारा भार टाकावा लागतो.

जुन्या कथांनी मोकळ्या सोडलेल्या जागांतून हा प्रकार वाढला आहे. परीकथा दुष्टाची करणी सांगते आणि शिक्षा तर चवीने सांगते. ग्रिम बंधूंच्या हिमगौरीच्या कथेत राणीला तापवलेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचावे लागते. ती अशी का झाली, हे मात्र गर्व आणि मत्सर या दोन शब्दांत उरकले जाते. ही राणी १८१२च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीची सख्खी आई होती, १८१९च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. शार्ल पेरोच्या १६९७च्या संग्रहातील झोपलेल्या राजकन्येच्या कथेत बारशाला आलेल्या सात पऱ्यांपुढे सोन्याचे डबे मांडलेले असतात, त्यांत हिरेमाणके जडवलेले चमचा, काटा आणि सुरी. आठवी म्हातारी परी पन्नासहून अधिक वर्षे मनोऱ्याबाहेर पडलेली नसल्याने ती मेली असावी असे समजून तिला बोलावलेलेच नसते. ती येते तेव्हा तिच्यासाठी डबा नसतो, आणि राजकन्येला मरणाचा शाप मिळतो. मानपानावरून बिघडलेली लग्ने पाहिलेल्या मराठी वाचकाला हा प्रसंग परका वाटू नये. मनोऱ्यातील त्या पन्नास वर्षांविषयी पेरो काही सांगत नाही, आणि उदयकथेला हवी असते ती नेमकी हीच रिकामी जागा.

ग्रेगरी मॅग्वायर यांची ‘विकेड’ (१९९५) ही या वाटेवरची ठळक कादंबरी मूळची प्रौढांसाठी होती. तरुण प्रेक्षक तिच्याकडे वळला तो २००३च्या ब्रॉडवेवरील संगीतिकेमुळे.

रचनेत सहसा आधी अन्याय येतो, मग चांगल्या हेतूने केलेला शक्तीचा पहिला वापर, आणि मग त्या वापराची सवय. जादूची काही किंमत मोजावी लागते. अन्यायाचा हिशेब मांडूनही शेवटचा निर्णय पात्राच्याच पदरात राहिला, तर कादंबरी उभी राहते. सगळा दोष भूतकाळावर टाकून मूळ नायिकेलाच दुष्ट ठरवले, की केवळ खुर्च्यांची अदलाबदल होते; दुर्दैवाने ही सोपी वाट बरेच लेखक धरतात.

मुंबईतील मराठी घरांमधली मुले हा प्रकार बहुधा इंग्रजीतून वाचतात. मात्र परीकथेतील खलपात्र या शहरात पुस्तकाइतकेच रंगमंचावरूनही आले. सुधा करमरकर यांच्या लिटल थिएटरने १९५९ मध्ये रत्नाकर मतकरी यांचे ‘मधुमंजिरी’ सादर केले. मतकरींच्याच ‘अलबत्या गलबत्या’तील चेटकीण दिलीप प्रभावळकर यांनी रंगवली, आणि २०१८ मध्ये नाटक पुन्हा रंगमंचावर आले तेव्हा वैभव मांगले यांनी. बालनाट्याच्या प्रयोगात चेटकीण आली की पुढच्या रांगांतली मुले खुर्चीत पाय वर घेतात आणि दुसऱ्याच क्षणी तिच्यावर ओरडूही लागतात. भीतीची अशी गंमत करणारी ही चेटकीण भूतकाळ घेऊन येत नाही, आणि रंगमंचावर तिला त्याची गरजही भासत नाही.

‘चेटकीण’ हा शब्द मात्र उदयकथेला सोयीचा आहे. हडळ मेलेल्या बाईची होते. चेटकीण ही चेटूक करणारी जिवंत बाई. म्हणजे ती विद्या कोणीतरी तिला शिकवलेली असते आणि तिने ती कशासाठी तरी घेतलेली असते.

दोषी पात्राला स्वतःच्या तोंडून बोलू देण्याची रीत मराठी कादंबरीला नवी नाही. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’त (१९५९) ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू मांडतात, तर शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) दुर्योधनालाही निवेदन मिळाले आहे. ही मुभा महाभारताला मिळाली. आटपाट नगरातल्या राजाची आवडती राणी आवडती कशी झाली, हे कहाणी आजही सांगत नाही.