बूट की सुई?

१३ ऑक्टोबर २०२४ रोजी शिकागोत केनियाची रूथ चेपनगेटिच मॅरेथॉन २:०९:५६ मध्ये धावली. २ तास १० मिनिटांच्या आत येणारी ती पहिली स्त्री. पुढच्या वर्षी १४ मार्चला घेतलेल्या तिच्या लघवीच्या नमुन्यात हायड्रोक्लोरोथायझाइड हे बंदी असलेलं द्रव्य सापडलं आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिच्यावर तीन वर्षांची बंदी आली. गेल्या आठ-दहा वर्षांत लांब पल्ल्याच्या शर्यतींच्या वेळा झपाट्याने खाली आल्या आहेत. त्याचं श्रेय बुटांना द्यायचं की औषधांना, हा वाद आधीपासूनच होता. या प्रकरणाने त्यात तेल ओतलं. वाद घालणारे बहुतेक जण एक गोष्ट मात्र विसरतात. बूट आणि औषध यांचं काम शरीरातल्या वेगवेगळ्या जागी चालतं आणि आकड्यांत त्यांची खूणही वेगवेगळी उमटते.

मॅरेथॉनचा वेग ढोबळमानाने तीन गोष्टी ठरवतात. शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, त्यातला किती हिस्सा दोन-सव्वादोन तास टिकवता येतो, आणि एक किलोमीटर कापायला किती ऑक्सिजन खर्च होतो. पहिल्या दोघांचा गुणाकार करा, तिसऱ्याने भागा, वेग मिळाला. गाडीच्या भाषेत सांगायचं तर बूट ॲव्हरेज वाढवतो आणि रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणारं ईपीओसारखं औषध इंजिनच मोठं करतं.

आधी बूट. २०१७ मध्ये नायकेचा व्हेपरफ्लाय बाजारात आला. त्याच्या नमुन्याची चाचणी कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या प्रयोगशाळेत झाली होती. १८ तगडे धावपटू, ताशी १४, १६ आणि १८ किलोमीटर वेग, आणि तीन बूट: नवा नमुना, नायकेचाच जुना शर्यतीचा बूट आणि आदिदासचा बूस्ट. नवा बूट वजनाने हलका होता, म्हणून त्याला शिशाचे छोटे तुकडे लावून तिन्ही जोड्या एका वजनाच्या केल्या. हे आवश्यकच होतं, कारण बुटामागे १०० ग्रॅम वजन वाढलं की ऊर्जेचा खर्च साधारण १ टक्क्याने वाढतो. तरीही नव्या बुटात खर्च सरासरी ४ टक्क्यांनी कमी भरला. मात्र कुणाला दीड टक्का फायदा, कुणाला सहाच्या वर.

ही बचत येते कुठून? सगळ्यांचं बोट तळात बसवलेल्या कार्बनच्या प्लेटकडे जातं, पण मुख्य काम फोमचं आहे. जुन्या बुटांत ईव्हीए नावाचा फोम असायचा. नव्यात पेबा नावाचा, वजनाने फारच हलका फोम असतो. पाऊल पडताना तो दबतो आणि उचलताना उसळतो. बोल्डरच्या चाचणीत जुना बूट दाबायला लागलेल्या ऊर्जेपैकी सुमारे ६६ टक्के परत देत होता, बूस्ट ७६ टक्के आणि नवा ८७ टक्के. शिवाय नवा फोम जवळपास दुप्पट दबतो, म्हणजे साठवतोही जास्त. एवढा मऊ आणि जाड थर नुसता ठेवला तर पाऊल डगमगेल. प्लेट त्याला आकार आणि ताठपणा देते. प्लेटचा स्वतःचा वाटा तपासायला संशोधकांनी सरळ करवत घेतली. चवड्याखाली प्लेटला सहा आडवे काप दिले, बुटाचा ताठपणा ४२ टक्क्यांनी घटला, आणि धावण्याचा खर्च वाढला जेमतेम अर्धा टक्का. तोही इतका कमी, की संख्याशास्त्राच्या दृष्टीने नगण्य. जाहिरातीत प्लेट मिरवते, पण खरी मेहनत फोमची.

आता एक ठरलेली चूक. ‘४ टक्के बचत म्हणजे ४ टक्के वेग’ असं गणित सर्रास मांडलं जातं. ते चुकतं, कारण वेग वाढला की हवेचा विरोध त्याहून भराभर वाढतो. अव्वल धावपटूंच्या वेगाला ऊर्जेतल्या बचतीपैकी साधारण दोन तृतीयांशच वेगात उतरते. म्हणजे ४ टक्क्यांचे झाले अडीच-पावणेतीन. पुन्हा ही तुलनाही कोणत्या बुटाशी, हे पाहावं लागतं. २०१४ मध्ये बर्लिनला २:०२:५७ चा विक्रम करणारा डेनिस किमेटो बूस्ट फोमच्या बुटांत धावला होता. त्या काळी तोच सर्वात उसळता फोम होता.

हौशी धावपटूसाठी हिशेब आणखी आवळावा लागतो. ताशी १२ किलोमीटरला फायदा सुमारे १.४ टक्के मोजला गेला आहे आणि १० ला जेमतेम १ टक्का. पाच तासांत मॅरेथॉन संपवणारा ताशी साडेआठनेच धावत असतो. पेबा टिकतही नाही: ४५० किलोमीटर वापरलेला पेबा आणि तेवढाच वापरलेला ईव्हीए यांच्यात फरक उरला नाही. रोजच्या सरावाला हे बूट वापरून काही महिन्यांत फोम मारायचा आणि शर्यतीच्या दिवशी तोच मेलेला फोम घालून उभं राहायचं, हा पैशांचा शुद्ध अपव्यय. घाई करण्यात धोकाही आहे. २०२३ मध्ये डॉक्टरांनी पाच रुग्णांची नोंद केली. सगळ्यांना या बुटांनंतर पावलाच्या मधल्या नॅव्हिक्युलर हाडाला ताणाची इजा झाली होती. सवय हळूहळूच लावायची.

मग मैदानावरच्या खऱ्या वेळांत काय दिसतं? नव्या बुटाला जन्मतारीख असते, हा इथला कळीचा मुद्दा. २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकच्या पुरुष मॅरेथॉनमधल्या तिन्ही पदकविजेत्यांच्या पायांत हा नमुना होता, २०१७ मध्ये तो दुकानात आला आणि मागोमाग इतर कंपन्यांनी आपापले आणले. औषधाने वेळांच्या आलेखात असं ठरावीक तारखेपासूनचं वळण आणायचं तर हजारो धावपटूंनी, देशोदेशी, एकाच हंगामात ते सुरू करायला हवं. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेच्या आरोग्य व विज्ञान विभागातले स्टेफान बर्मन आणि सहकाऱ्यांनी १० किलोमीटरपासून मॅरेथॉनपर्यंतच्या अव्वल धावपटूंच्या वर्षवार सर्वोत्तम वेळा तपासल्या. नव्या बुटांनंतर स्त्रियांच्या वेळा १.७ ते २.३ टक्क्यांनी सुधारल्या, पुरुषांच्या ०.६ ते १.५ टक्क्यांनी. सुधारणा एखाद-दुसऱ्याची नाही; अख्खी यादीच खाली सरकली. ही खूण बुटाची.

संघटनेने ३१ जानेवारी २०२० रोजी रस्त्यावरच्या शर्यतींसाठी तळाची जाडी ४० मिलिमीटर आणि प्लेट एकच अशी मर्यादा घातली. ती कागदावर राहिली नाही: २०२१ मध्ये व्हिएन्ना मॅरेथॉन जिंकलेला देरारा हुरिसा ५० मिलिमीटरचा तळ घालून धावल्याचं उघड झालं आणि त्याचं विजेतेपद गेलं.

आता स्त्रियांच्या विक्रमांवर हे गणित लावून पाहू. पॉला रॅडक्लिफची २००३ ची वेळ २:१५:२५, जुन्या पातळ तळाच्या बुटांतली. तिच्यातून २ टक्के वजा केले तर सुमारे २:१२:४२ येते. ब्रिजिड कोसगेईची २०१९ ची २:१४:०४ या हिशेबात आरामात बसते. २०२३ मध्ये तिग्स्त असेफा २:११:५३ धावली, तीही १३८ ग्रॅमचा बूट घालून. बुटाचा फायदा थोडा जास्त धरला तर तीही बसते. चेपनगेटिचची २:०९:५६ मात्र रॅडक्लिफपेक्षा ४ टक्क्यांहून अधिक वेगवान आहे. बुटांचे २ टक्के देऊनही तब्बल पावणेतीन मिनिटं उरतात. यावरून औषध सिद्ध होत नाही. पुरुष पेसर (पुढे धावून वेग राखून देणारे), शिकागोचा सपाट मार्ग, धावताना पचणारी जास्त कर्बोदकं, शिवाय बुटाचा त्या एका पायाला झालेला सरासरीहून जास्त फायदा, हे सगळं त्यात मोडतं. सरासरी काढून एका माणसाला निर्दोष ठरवता येत नाही आणि दोषीही ठरवता येत नाही. याचं भान सुटलं की या विषयावरची चर्चा नुसती आरडाओरड होते.

आता सुईकडे, म्हणजे ईपीओच्या इंजेक्शनकडे वळू. ईपीओ हे मूत्रपिंडात तयार होणारं संप्रेरक; ते अस्थिमज्जेला तांबड्या पेशी बनवायला सांगतं. कारखान्यात बनवलेल्या ईपीओला १९८९ मध्ये अमेरिकेत मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी मान्यता मिळाली, आणि ते लघवीत ओळखणारी चाचणी आली थेट २००० च्या सिडनी ऑलिम्पिकला. मधली दहा-अकरा वर्षं मोकळं रान होतं. याच काळात पुरुषांच्या ५००० मीटरचा विश्वविक्रम १९८७ च्या १२:५८.३९ वरून १९९८ मध्ये १२:३९.३६ वर आला. जवळपास अडीच टक्के, आणि स्पाइक्स, म्हणजे ट्रॅकवरचे खिळ्यांचे बूट, होते तसेच. केनिया-इथिओपियाचे धावपटू मोठ्या संख्येने येणं, बक्षिसांचा पैसा, भाड्याचे पेसर हेही तेव्हाचंच, त्यामुळे कुणा एकाकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. पण बूट न बदलताही एवढी उडी पडते, हे लक्षात ठेवायला हवं.

ईपीओचा परिणाम मोजलेला आहे. स्कॉटलंडमध्ये आणि केनियात स्वयंसेवकांना चार आठवडे इंजेक्शन देऊन ३००० मीटर धावायला लावलं. वेळ ५ ते ६ टक्क्यांनी सुधारली आणि औषध थांबवल्यावर महिनाभराने निम्मा फायदा तरी टिकून होता. दुसरीकडे, नेदरलँड्समधल्या एका चाचणीत ४८ सायकलपटूंना आठ आठवडे ईपीओ किंवा नुसतं मिठाचं पाणी टोचून फ्रान्समधला माँ व्हाँतू हा डोंगर चढायला लावलं, तेव्हा दोन्ही गटांच्या वेळांत फरक पडला नाही. स्कॉटलंड-केनियाच्या प्रयोगात आपल्याला औषध दिलंय हे प्रत्येकाला माहीत होतं. डचांच्या प्रयोगात नव्हतं. बुटांच्या चाचण्यांनाही हाच दोष चिकटलेला आहे, कारण पायात काय घातलंय ते लपवता येत नाही.

ईपीओ शरीरातून लवकर निघून जातं, म्हणून आता त्याच्या पावलांचे ठसे शोधतात. २००९ पासूनच्या जैविक पासपोर्टमध्ये धावपटूचं रक्त वर्षानुवर्षं त्याच्याच जुन्या रक्ताशी ताडून पाहतात. त्यातला एक आकडा घरीही काढता येईल: हिमोग्लोबिन (लिटरमागे ग्रॅममध्ये) वजा ६० गुणिले कोवळ्या तांबड्या पेशींच्या टक्केवारीचं वर्गमूळ. समजा हिमोग्लोबिन १४० आणि कोवळ्या पेशी १ टक्का, तर उत्तर ८०. औषध घेऊन हिमोग्लोबिन १६५ वर नेलं आणि शर्यतीआधी थांबवलं, की मज्जा म्हणते ‘पुरे’ आणि कोवळ्या पेशी ०.४ टक्क्यांवर येतात. उत्तर १२७. एवढं रक्त आहे, पण नवं बनतच नाही, ही विसंगती पकडली जाते. गोंधळ होतो तो उंचीमुळे: केनियातलं इतेन २४०० मीटरवर आहे, तिथे राहून किंवा तिथून खाली उतरूनही हे आकडे हलतात.

आणि हायड्रोक्लोरोथायझाइड? ते आपल्याकडे घरोघरी आहे. रक्तदाबाच्या ज्या गोळीच्या नावापुढे ‘एच’ लिहिलेलं असतं, त्यातला तो एच बहुधा हाच. ते लघवीवाटे पाणी बाहेर काढतं. लघवी पातळ झाली की त्यातली इतर द्रव्यं शोधायला अवघड जातात, म्हणून त्यावर बंदी. गोळ्यांच्या कारखान्यांत एका औषधाचा अंश दुसऱ्यात मिसळतो, हे ओळखून मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमपर्यंतचं प्रमाण गुन्हा धरत नाहीत. चेपनगेटिचच्या नमुन्यात ३८०० होते. घरकामाच्या बाईची गोळी आजारपणात घेतली, असं तिने सांगितलं. या द्रव्याने तांबडी पेशी एकही वाढत नाही, आणि नमुना शर्यतीनंतर पाच महिन्यांनी घेतलेला. तिचे निकाल १४ मार्च २०२५ पासूनचे रद्द झाले. शिकागो त्याआधीची, त्यामुळे २:०९:५६ यादीतून हटली नाही. त्या पावणेतीन मिनिटांचा हिशेब ना बुटाच्या सरासरीने लागतो, ना या गोळीने.