पाळण्यातले पाय आणि कॅन्सस सिटीचे नऊजण

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असं आपल्याकडे म्हणतात. अमेरिकेत ते पाय पाहून बेसबॉलच्या होतकरू पोरांचे दर वर्षी क्रमांकही लावले जातात. ‘बेसबॉल अमेरिका’ हे नियतकालिक 1990 पासून 100 होतकरूंची यादी काढतं. 2011 च्या यादीत कॅन्सस सिटी रॉयल्स या एकाच संघाचे नऊजण होते. तोवर कुठल्याच संघाला हे जमलं नव्हतं. 1985 नंतर एकदाही वर्ल्ड सिरीज, म्हणजे वर्षाअखेरची विजेतेपदाची मालिका, न जिंकलेल्या या संघाच्या चाहत्यांना केवढा हुरूप आला असेल!

हे क्रमांक येतात कुठून? स्काउट, म्हणजे संघांसाठी खेळाडू हेरणारे, गावोगावचे सामने बघतात आणि पोराच्या फटक्याला, ताकदीला, धावण्याला, फेकीला, क्षेत्ररक्षणाला 20 ते 80 मध्ये गुण देतात. 50 म्हणजे मेजर लीगची, म्हणजे सर्वांत वरच्या व्यावसायिक पातळीची, सरासरी. त्यापुढचे दर 10 गुण म्हणजे संख्याशास्त्रातलं एक प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासून किती दूर हे मोजायचं माप. म्हणून 60 वाले थोडे, 70 वाले मोजके आणि 80 वाला विरळाच. पण एकोणीस वर्षांच्या पोराला दिलेला 60 हा ‘पुढे इथवर जाईल’ असा अंदाज असतो. हवामानाच्या अंदाजात पावसाची शक्यता टक्क्यांत सांगतात. इथे ती शक्यता एका क्रमांकाच्या पोटात दडून बसते आणि वाचणाऱ्याला क्रमांक तेवढा दिसतो.

म्हणूनच क्रमांक हलतात. त्या नऊजणांतला विल मायर्स 2011 मध्ये दहावा होता. मग गुडघ्याने दगा दिला, त्याच काळात तो कॅचरची (फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्याची) जागा सोडून आउटफिल्डला (मैदानाच्या बाहेरच्या भागात) गेला, आणि 2012 मध्ये थेट अठ्ठाविसावा झाला. त्या वर्षी त्याने मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या पातळ्यांवर, 37 होमरन (चेंडू सीमेपार धाडणारे फटके) मारले आणि 2013 च्या यादीत तो चौथा आला. पोरगा तोच, नवी माहिती तेवढी हाती आली.

एरिक हॉस्मरची गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. 2009 मध्ये त्याची फलंदाजीची सरासरी .241 होती, म्हणजे हजार संधींत 241 यशस्वी फटके. या पोरात दम नाही, असं कुणालाही वाटलं असतं. खोट डोळ्यांत होती: दृष्टिवैषम्य. लेसर शस्त्रक्रिया झाली आणि 2010 मध्ये सरासरी .338 वर गेली. एका हंगामाच्या आकड्यांत गुण, नशीब, दुखापत, मैदान सगळंच मिसळलेलं असतं. माइक मुस्टाकसने विल्मिंग्टनच्या मैदानावर, जिथे चेंडू सीमेपार धाडणं जड जातं, हंगामात 16 होमरन मारले होते. पुढच्या वर्षी वरच्या पातळीवर, फलंदाजांना साथ देणाऱ्या मैदानांवर, तोच मुस्टाकस 36 पर्यंत गेला. पोर किती सुधारलं आणि मैदानाने किती हात दिला, हे वेगळं काढणं हेच या शास्त्रातलं खरं अवघड काम.

पिचरांचं, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्यांचं, भाकीत त्याहून अवघड. नऊपैकी पाच पिचर होते. ताशी 150 किलोमीटरच्या फेकीत कोपराच्या आतल्या अस्थिबंधावर त्याच्या सहनशक्तीच्या काठावरचा ताण येतो. तो तुटला, तर शरीरातलाच दुसरा स्नायुबंध तिथे बसवतात. 1974 मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा केली. नऊजणांतल्या जॉन लॅम्बवर ती 2011 मध्ये झाली, डॅनी डफीवर 2012 मध्ये. लॅम्ब यादीत अठरावा होता. मेजर लीगमध्ये पोचायला त्याला 2015 उजाडलं, तेही दुसऱ्या संघाकडून.

आणखी एक गोष्ट चटकन ध्यानात येत नाही: यश मिळालं की नाव यादीतून जातं. मेजर लीगमध्ये फलंदाजाच्या 130 अधिकृत संधी किंवा पिचरचे 50 डाव झाले की तो होतकरू उरत नाही. 2011 च्या मे-जूनमध्ये हॉस्मर, मुस्टाकस आणि डफी वर गेले, आणि पुढच्या यादीत रॉयल्सची तीन नावं कमी झाली. ती घसरण नव्हती, पीक घरात आलं होतं.

शिवाय यादीला न दिसलेलेही असतात. व्हेनेझुएलाचा सॅल्वाडोर पेरेझ सोळाव्या वर्षी संघात आला. 2011 च्या शंभरांत त्याचं नाव नव्हतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो मेजर लीगमध्ये उतरला आणि 2015 च्या वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

होय, रॉयल्स 2015 मध्ये जिंकले. एकेकट्याचं भाकीत डळमळीत असलं, तरी नऊजणांच्या घोळक्यातून काही तरी हाती लागण्याची शक्यता मोठी होती. काही स्वतः खेळले, काहींच्या बदल्यात दुसरे खेळाडू मिळाले. मायर्सला दिलं त्या सौद्यात वेड डेव्हिस हा पिचर आला, आणि निर्णायक सामन्यात शेवटच्या फलंदाजाला त्यानेच बाद केलं. लॅम्ब आणि आणखी दोघांच्या बदल्यात आलेल्या जॉनी क्वेटो या पिचरने वर्ल्ड सिरीजचा दुसरा सामना एकट्याने शेवटपर्यंत टाकला. आणि न्यूयॉर्कमध्ये तो निर्णायक पाचवा सामना बाराव्या डावापर्यंत लांबला, तेव्हा विजयी धाव आणणारा फटका ख्रिश्चन कोलोनचा होता. 2011 च्या यादीत तो एक्कावन्नावा. त्या वर्षीच्या बाद फेरीत तोवर तो एकदाही बॅट घेऊन उभा राहिला नव्हता.