रिकार्टनची डीन्स कॉटेज: पार्श्वभूमी

न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्च शहरातल्या रिकार्टन भागातली डीन्स कॉटेज १८४३ ची. कँटरबरीच्या सपाट मैदानावरची सगळ्यात जुनी शिल्लक इमारत, आता छोटं म्युझियम. पण "पहिले वसाहतवाले आले आणि घर बांधलं" एवढीच गोष्ट सांगतात ते मला अजिबात पटत नाही, कारण ही जागा ओसाड नव्हतीच, न्गाइ ताहू या माओरी लोकांची होती, पुतारिंगामोटू नावाची, आणि डीन्स कुटुंबाच्या आधी १८४० मध्येही गोऱ्यांनी इथे शेती करून पाहिली होती, उंदरांनी त्यांना जेरीस आणलं आणि ते सोडून गेले.

मग आले विल्यम आणि जॉन डीन्स, स्कॉटलंडचे भाऊ. सोबत मॅन्सन आणि गेबी ही दोन कुटुंबं. सॅम्युअल मॅन्सन सुतार, पण खिळे मागेच राहून गेलेले, त्यामुळे पहिलं घर त्याने चक्क लाकडी खुंट्या ठोकून उभं केलं. ते आता नाही. त्यानंतर त्याच वर्षी बांधलेली ही कॉटेज टिकली. जमीन सुरुवातीला न्गाइ ताहूंकडून भाड्याने घेतली होती, आणि इंग्लंडहून वसाहतीची मोठी जहाजं आली ती थेट १८५० च्या डिसेंबरमध्ये, म्हणजे तोवर डीन्स बंधूंचा तिथे चांगला जम बसला होता.

पुढचं वाचताना खरंच वाईट वाटतं. १८५१ मध्ये विल्यम जहाज फुटून बुडाला. जॉन स्कॉटलंडला जाऊन जेनशी लग्न करून १८५३ मध्ये परत आला, त्याच वर्षी मुलगा झाला, आणि १८५४ मध्ये जॉनही गेला, क्षयाने. परक्या देशात, लग्नाला दोन वर्षंही झालेली नाहीत आणि जेन तान्ह्या मुलासोबत एकटी! जाताना जॉनने तिला सांगितलं होतं की इथली काहिकाटेआ झाडांची राई जपायची. वसाहतवाल्यांना घरांसाठी, चुलीसाठी लाकूड हवं होतं, आजूबाजूला सपाट गवताळ रान, मग अशी राई कोण राहू देतो? पण जेनने ती राखली. ती १९११ पर्यंत जगली. माझ्या मते या सगळ्या इतिहासात तिचं नाव सगळ्यात आधी घ्यायला हवं.

शेजारच्या मोठ्या रिकार्टन हाउसचं काम १८५६ मध्ये सुरू झालं. ती राई डीन्स कुटुंबाने १९१४ मध्ये कँटरबरीच्या लोकांना देऊन टाकली, हाउस १९४७ मध्ये सिटी कौन्सिलकडे आलं. कॉटेज मात्र मूळ जागेवर नाहीये, ती नंतर हलवून हाउसच्या आवारात आणली, त्यामुळे तिथे गेलात तर कॉटेज बघून लगेच निघू नका, मागची राईही चालून या.